जिमचा 'कोर्स' चालू असताना व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्याव्यात का?

सांगलीकडच्या एका २७ वर्षांच्या तरुणाने विचारलं आहे: "डॉक्टर, जिल्ह्याच्या स्पर्धेची तयारी करतोय. आठवड्याला टेस्टोस्टेरॉनचं तेलातलं इंजेक्शन चालू आहे, शेवटच्या टप्प्यासाठी स्टॅनोझोलॉलच्या गोळ्या सुरू केल्यात. ट्रेनर म्हणतो, कोर्स चालू असताना व्हिटॅमिन बंद ठेव, त्याने औषध कटतं. जिममधला मित्र नेमकं उलट सांगतो, बी-कॉम्प्लेक्स आणि व्हिटॅमिन सी घेतलंच पाहिजे, नाहीतर लिव्हर जाईल. मी मल्टिव्हिटॅमिन, केसांसाठी बायोटिन, डी-३ ची पावडर आणि झिंक-मॅग्नेशियमची गोळी घेतो. नक्की काय करू?"

'कोर्स' म्हणजे स्नायू वाढवण्यासाठी ठरावीक आठवडे घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉन, स्टॅनोझोलॉल यांसारखी ॲनाबॉलिक स्टेरॉइड. आधी थेट उत्तर देतो. व्हिटॅमिनने टेस्टोस्टेरॉन कटत नाही, आणि व्हिटॅमिनने लिव्हर वाचतही नाही. ट्रेनर आणि मित्र, दोघांच्याही सांगण्याला आधार नाही. पण तुमच्या यादीतली केसांची गोळी तुमचे रक्ताचे रिपोर्ट पार उलटेपालटे करू शकते. ज्या रिपोर्टकडे बघून तुम्ही निर्धास्त राहता, तोच चुकीचा असेल तर पुढचा प्रत्येक निर्णय चुकतो. मला या प्रश्नातलं सगळ्यात गंभीर हेच वाटतं. त्यामुळे त्यावर जास्त लिहिणार आहे.

औषध कटत का नाही, ते पाहू. एखादा पदार्थ दुसऱ्या औषधाच्या आड येतो तो ठरावीक ठिकाणी: आतड्यात ते शोषलं जाताना, लिव्हरमध्ये त्याचं विघटन होताना, किंवा पेशीतल्या ज्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) ते बसतं तिथे. तेलातलं इंजेक्शन थेट स्नायूत जातं, म्हणजे आतड्याचा प्रश्नच येत नाही. टेस्टोस्टेरॉन ज्या ग्राहीवर बसतं तिथे बी, सी, डी किंवा ई यांपैकी कोणीही जागा अडवत नाही. लिव्हरमध्येही नेहमीच्या मात्रेतलं व्हिटॅमिन या हार्मोनचं विघटन वाढवत नाही. ज्या पुरुषांना अंडकोशाच्या किंवा पिट्युटरी ग्रंथीच्या आजारामुळे टेस्टोस्टेरॉन द्यावंच लागतं, त्यांना आम्ही मल्टिव्हिटॅमिन बंद करायला सांगत नाही. त्यांच्या रक्तातली पातळी त्यामुळे घसरत नाही.

तोंडाने घ्यायच्या टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटच्या कॅप्सूलची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती तेला-तुपाच्या जेवणाबरोबर घेतली तरच नीट शोषली जाते, उपाशीपोटी घेतली तर बरीचशी वाया जाते. तिथेही फरक पडतो तो ताटातल्या स्निग्ध पदार्थांनी.

ट्रेनरचं म्हणणं एका ठिकाणी मात्र खरं ठरतं, आणि ते ठिकाण म्हणजे थायरॉइडची गोळी. 'कट' येण्यासाठी, म्हणजे चरबी उतरून स्नायू उठून दिसावेत म्हणून, काही मुलं थायरॉक्सिन हे थायरॉइडचं हार्मोन घेतात. मल्टिव्हिटॅमिनमधलं लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतं आणि ते पूर्ण शोषलं जात नाही. खरोखर थायरॉइडचा आजार असलेल्या पेशंटला म्हणूनच आम्ही दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतो. हा परिणामही व्हिटॅमिनचा नाही, खनिजांचा आहे. आणि थायरॉइड चांगला असताना चरबी घालवण्यासाठी ही गोळी घेणं म्हणजे हृदयाचे ठोके बिघडवणं आणि कमावलेला स्नायूच झिजवणं. तुम्ही ती घेत असल्याचं लिहिलेलं नाही. घेत असाल तर मला किंवा तुमच्या डॉक्टरांना सांगा.

आता बायोटिन. तुम्ही ते का घेताय, याचा अंदाज आहे. कोर्स सुरू झाल्यावर केस गळायला लागले असणार. शरीरात टेस्टोस्टेरॉनचं रूपांतर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये होतं आणि ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांच्या केसांची मुळं त्याने बारीक होत जातात. स्टॅनोझोलॉल तर मुळातच त्या जातीचं औषध आहे. बायोटिनचा या गळतीशी काही संबंध नाही. ते उपयोगी पडतं ते बायोटिनची खरोखर कमतरता असेल तरच, आणि अशी कमतरता क्वचितच दिसते. व्यायाम करणाऱ्यांत एक कारण मात्र आजही सापडतं: कच्च्या अंड्याचा पांढरा भाग. त्यातलं ॲव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिनला घट्ट पकडतं आणि शोषू देत नाही. रोज डझनभर कच्ची अंडी ग्लासात फोडून पिणाऱ्याला ही कमतरता महिनोन्‌महिन्यांनी होऊ शकते. अंडी उकडली की ॲव्हिडिन निकामी होतं आणि विषय संपतो.

मोठ्या माणसाला दिवसाला बायोटिन लागतं सुमारे ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळ्यांवर ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम लिहिलेलं असतं, म्हणजे गरजेच्या दीडशे ते तीनशे पट. शरीराला त्याचा थेट त्रास होत नाही, जास्तीचं लघवीतून निघून जातं. त्रास होतो तो लॅबमधल्या मशीनला. हार्मोन मोजायच्या अनेक चाचण्यांत बायोटिन आणि स्ट्रेप्टॅव्हिडिन या जोडीचा वापर होतो, कारण ही दोन एकमेकांना फार घट्ट चिकटतात. चाचणीच्या रसायनातलं बायोटिन स्ट्रेप्टॅव्हिडिनला चिकटावं आणि त्यावरून हार्मोन मोजलं जावं, अशी ती रचना असते. तुमच्या रक्तात आधीच भरमसाट बायोटिन फिरत असेल तर ते स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा अडवून बसतं आणि मोजणी चुकते.

ती कोणत्या दिशेला चुकते हे चाचणीच्या प्रकारावर ठरतं. टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल आणि टी-३, टी-४ ही थायरॉइडची हार्मोन, हे छोटे रेणू आहेत. त्यांची मोजणी स्पर्धात्मक पद्धतीने होते आणि बायोटिनमुळे आकडा खोटा वाढलेला दिसतो. पिट्युटरी ग्रंथीची हार्मोन, म्हणजे अंडकोशाला चालना देणारी एलएच आणि एफएसएच, थायरॉइडला चालना देणारं टीएसएच, आणि प्रोलॅक्टिन, हे मोठे रेणू. ते दोन प्रतिपिंडांच्या मध्ये धरून मोजतात आणि तिथे आकडा खोटा कमी येतो. आता हे तुमच्या बाबतीत लावून पाहा. टेस्टोस्टेरॉन वाढलेलं, एलएच आणि एफएसएच तळाला गेलेलं, हे चित्र बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचणाऱ्या माणसाच्या रिपोर्टमध्ये नेमकं दिसतं. इंजेक्शनला कधी हातही न लावलेला मुलगा फक्त केसांची गोळी खाऊन असा रिपोर्ट घेऊन येऊ शकतो.

असा एक तरुण माझ्याकडे आला होता. रिपोर्टमध्ये टीएसएच जवळजवळ शून्य, टी-४ भरपूर वाढलेलं, टेस्टोस्टेरॉन मर्यादेच्या वर. बाहेर कोणीतरी त्याला थायरॉइड वाढल्याचं सांगून त्यावरची गोळी लिहून दिली होती. समोर बसलेल्या मुलाची नाडी मात्र ७० च्या आसपास, हात थरथरत नव्हते, वजन घटलेलं नव्हतं, घाम नव्हता. माणूस आणि कागद यांचा मेळ बसेना. मी त्याला घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणायला सांगितलं. प्रोटीन, प्री-वर्कआउट, फिश ऑइल आणि तळाशी केसांच्या गोळ्यांची डबी, दहा हजारवाली. प्रोटीनच्या डब्यावरही बारीक अक्षरांत बायोटिन होतंच. दोन्ही बंद ठेवून काही दिवसांनी त्याच लॅबमध्ये रक्त दिलं, सगळं जागेवर. त्याला कसलाही आजार नव्हता.

ही झाली बरी गोष्ट. वाईट प्रकारही घडू शकतात आणि कोर्स घेणाऱ्यांनी ते नीट समजून घ्यावेत. रिपोर्टमध्ये इस्ट्रोजेन खोटं वाढलेलं दिसलं की जिममधला सल्लागार ॲनास्ट्रोझोल किंवा लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन दाबणारी औषधं सुचवतो. इस्ट्रोजेन मुळात वाढलेलं नसताना ते दाबलं की सांधे दुखतात, कामेच्छा जाते, हाडं विरळ होतात. दुसरं, कोर्स थांबवल्यावर शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवायला लागलं का, हे पाहायचं असतं. पातळी खरं तर पडलेली असते, पण बायोटिनमुळे आकडा चांगला दिसतो, आणि त्या मुलाचा थकवा, उदासी 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावली जाते. तिसरं सगळ्यात गंभीर. हार्ट अटॅकसाठी जी ट्रोपोनिनची चाचणी करतात, ती काही मशीनवर याच पद्धतीने होते आणि बायोटिनमुळे खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने नोव्हेंबर २०१७ मध्ये यावर जाहीर इशारा दिला. ट्रोपोनिन खोटं कमी आल्यानंतर एका पेशंटचा मृत्यू झाल्याची नोंद त्या इशाऱ्यात आहे. पुढे २०१९ मध्ये हा इशारा पुन्हा दिला गेला. ॲनाबॉलिक स्टेरॉइड घेणाऱ्या तरुणांना ऐन तिशीत हार्ट अटॅक येतात. अशा मुलाच्या छातीत दुखायला लागलं आणि रक्तात दहा हजार मायक्रोग्रॅम बायोटिन असेल, तर 'ट्रोपोनिन नॉर्मल आहे, ॲसिडिटी असेल' असं म्हणून त्याला घरी पाठवलं जाण्याचा धोका आहे. म्हणून छातीत दुखल्यावर कॅज्युअल्टीत पाऊल टाकताच तीन गोष्टी सांगा: कोणतं इंजेक्शन घेता, कोणती गोळी घेता, आणि बायोटिन घेता.

हे प्रत्येक लॅबमध्ये होत नाही. काही मशीनची पद्धतच वेगळी असते आणि बऱ्याच कंपन्यांनी आपल्या चाचण्या सुधारल्या आहेत. पण तुमच्या गावातल्या लॅबमध्ये कोणतं किट आहे हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. त्यामुळे रक्त द्यायच्या आधी निदान तीन दिवस बायोटिन असलेलं सगळं बंद ठेवा, आणि रक्त घेणाऱ्यालाही सांगा.

आता लिव्हर. तुमच्या मित्राची काळजी खरी आहे, उपाय चुकीचा आहे. स्टॅनोझोलॉल, मिथॅन्ड्रोस्टेनोलोन, ऑक्सिमेथोलोन ही औषधं पोटातून घेतली तरी लिव्हरमध्ये लगेच नष्ट होऊ नयेत म्हणून त्यांच्या रेणूत १७ व्या कार्बनवर एक फेरफार केलेला असतो. तोच लिव्हरला नडतो. पित्त पेशींतून पुढे सरकत नाही, साठत जातं. अशा मुलांना आधी अंगभर खाज सुटते, रात्री झोप लागत नाही इतकी, मग लघवी गडद होते आणि डोळे पिवळे होतात. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, प्रचंड चढलेलं असतं आणि एसजीओटी-एसजीपीटी ही पेशींना इजा झाल्यावर रक्तात येणारी एन्झाइम मात्र त्या मानाने फारशी वाढलेली नसतात. ते साधे आकडे बघून 'लिव्हर ठीक आहे' म्हणणारे फसतात. बी-कॉम्प्लेक्स, व्हिटॅमिन सी, लिव्हर टॉनिकची बाटली, यातलं काहीही ही प्रक्रिया थांबवत नाही. ती थांबते गोळी बंद केल्यावर, आणि तरीही कावीळ उतरायला अनेक आठवडे, कधी महिने लागतात.

उलटही एक घोळ होतो. पाय किंवा पाठीचा जबर व्यायाम केल्यावर स्नायूंतूनच एसजीओटी-एसजीपीटी रक्तात येतं आणि चांगल्या लिव्हरचा रिपोर्ट वाईट दिसतो. म्हणून मी जीजीटी (लिव्हरचं एन्झाइम) आणि सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) बरोबर करून घेतो. जीजीटी स्नायूंत नसतं. ते वाढलं असेल तर प्रश्न लिव्हरचा. फक्त सीपीके आणि एसजीओटी वाढलं असेल तर प्रश्न बहुधा परवाच्या स्क्वॉटचा.

लिव्हरला मदत करायच्या नादात लिव्हरवरच बोजा टाकणारी दोन व्हिटॅमिन आहेत. पहिलं व्हिटॅमिन ए. रोज १०,००० युनिटच्या वर तयार रेटिनॉल दीर्घकाळ घेतलं तर ते लिव्हरमध्ये साठून राहतं आणि इजा करतं. एकाच वेळी मल्टिव्हिटॅमिन, कॉड लिव्हर ऑइल आणि मास गेनर, म्हणजे वजन वाढवायची पावडर, घेतलं की बेरीज कधी वर गेली ते कळत नाही. त्यात कोर्समुळे पाठीवर आणि खांद्यांवर मुरमं आली की कुठूनतरी आयसोट्रेटिनॉइन हे मुरमांवरचं औषध सुरू होतं. तेही व्हिटॅमिन ए च्याच कुळातलं औषध. त्याच्यासोबत व्हिटॅमिन ए ची गोळी घ्यायचीच नसते, आणि वर स्टॅनोझोलॉल असेल तर लिव्हर आणि रक्तातली चरबी दोन्ही बाजूंनी मार खातात.

दुसरं नायसिन, म्हणजे बी-३. स्टेरॉइडने चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, खाली जातं. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टॅनोझोलॉलच्या गोळीने सहा आठवड्यांत एचडीएल ३३ टक्के घसरलं होतं, टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनने ९ टक्के. मोठ्या मात्रेतलं नायसिन एचडीएल वाढवतं म्हणून मुलं ते घेतात. काही जण स्टेजवर जाण्याआधी घेतात, त्याने त्वचा लाल होऊन शिरा उठून दिसतात. पण नायसिनने वाढलेल्या एचडीएलने हार्ट अटॅक कमी होत नाहीत, हे २०११ आणि २०१४ च्या मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. हळूहळू विरघळणारं नायसिन लिव्हरला थेट इजा करू शकतं, आणि साखरही वाढवतं. कागदावरचा एचडीएलचा आकडा सजवून रक्तवाहिन्या सुधारत नाहीत.

तुमच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आहे का, ते डबीवर वाचा. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात आणि रक्त घट्ट होतं. हेप्सिडिन नावाचं लोहाचं शोषण आवरणारं जे हार्मोन आहे, तेही टेस्टोस्टेरॉनमुळे कमी होतं, म्हणजे शरीर आधीच जास्त लोह आत ओढत असतं. वर लोहाची गोळी आणि शोषण वाढवणारं व्हिटॅमिन सी. आम्ही टेस्टोस्टेरॉनवरच्या पेशंटचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ५४ टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवतो. स्पर्धेच्या आठवड्यात पाणी तोडून, लघवीच्या गोळ्या घेऊन अंग सुकवणाऱ्या मुलाचं रक्त त्याहून घट्ट होत जातं आणि गुठळीचा धोका वाढतो. रक्त तपासून कमतरता सिद्ध झाल्याशिवाय पुरुषाने लोह घ्यायचं कारणच नाही. अंगात लोह कमी असेल तर पुरुषामध्ये रक्त कुठून जातंय ते आधी शोधायचं असतं.

डी-३ च्या पावडरबद्दल. ६०,००० युनिटची ती पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, अशी लिहून दिलेली असते. 'आठवड्याला' हा शब्द चिठ्ठीतून हरवतो आणि रोज एक पुडी दुधात जाते. डी हे चरबीत साठणारं व्हिटॅमिन आहे, जास्तीचं लघवीतून जात नाही. रक्तातली पातळी मिलिलिटरला १५० नॅनोग्रॅमच्या वर गेली की कॅल्शियम चढतं: सारखी तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, उलट्या, मग किडनी. ब्राझीलमध्ये तर जनावरांसाठीचं ए, डी आणि ई चं तेलकट इंजेक्शन दंड फुगवण्यासाठी टोचून घेणाऱ्या बॉडीबिल्डरांच्या किडन्या कॅल्शियम वाढून निकामी झाल्याचे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले आहेत. आपल्याकडेही सहा लाख युनिटचं इंजेक्शन मिळतं. ते 'ताकदीचं' म्हणून मनाने घ्यायचं औषध नाही.

डी ने टेस्टोस्टेरॉन वाढतं हा समज २०११ च्या एका अभ्यासाने पसरला. त्यात वजन जास्त आणि डी कमी असलेल्या पुरुषांमध्ये थोडी वाढ दिसली होती. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात २०१७ मध्ये टेस्टोस्टेरॉन मुळात नॉर्मल असलेल्या पुरुषांना डी देऊन पाहिलं, फरक पडला नाही. झिंकचंही तसंच आहे. कमतरता असेल तर भरून निघते, नसेल तर टेस्टोस्टेरॉन वाढत नाही. दीर्घकाळ रोज ५० मिलिग्रॅमच्या वर झिंक घेत राहिलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, आणि त्यातून ॲनिमिया आणि पांढऱ्या पेशी कमी होणं सुरू होतं. तुमच्या झिंक-मॅग्नेशियमच्या गोळीत झिंक बहुधा ३० च्या आसपास असेल. मल्टिव्हिटॅमिनमधलं त्यात मिळवून पाहा.

त्याच गोळीत बी-६ सुद्धा असतं. ते वेगळं, मोठ्या मात्रेत घेणारी मुलं मी पाहतो. नॅन्ड्रोलोनमुळे, म्हणजे जिममधल्या 'डेका'मुळे, प्रोलॅक्टिन वाढू नये म्हणून कोणीतरी सांगितलेलं असतं. रोज शे-दोनशे मिलिग्रॅम महिनोन्‌महिने घेतलं की तळपायाला मुंग्या, मग बधिरपणा. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बी-६ ची सुरक्षित कमाल मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅमवर आणली आहे. बी-कॉम्प्लेक्सच्या काही इंजेक्शनांत एका डोसलाच १०० मिलिग्रॅम असतं.

ताकदीसाठी म्हणून जिममध्ये टोचलं जाणाऱ्या लाल इंजेक्शनाबद्दल स्पष्टच सांगतो. त्याचा लाल रंग बी-१२ चा आहे. कडक शाकाहारी माणसात बी-१२ कमी सापडतं, तेव्हा ते जरूर द्यावं. त्याने स्नायू वाढत नाही. मला जास्त भीती वाटते ती ते कसं टोचलं जातं याची. हार्मोनचं तेल आणि बी-१२ चं पाणी एकाच सिरिंजमध्ये ओढून घेतात, एक मोठी बाटली चार जण वापरतात, सुई जिमच्या बाथरूममध्ये टोचली जाते. कुल्ल्यात लिंबाएवढी गाठ, आत पू, ताप, हे घेऊन येणारा मुलगा मला नवीन नाही. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही याच वाटेने जातात. तुम्ही कधी सुई किंवा बाटली वाटून घेतली असेल तर या तीन तपासण्या करून घ्या, आणि हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर घ्या.

व्हिटॅमिन सी आणि ई ने व्यायामाचा परिणाम कमी होतो का? थोडंफार, मोठ्या मात्रेत. नॉर्वेत दिवसाला १,००० मिलिग्रॅम सी आणि २३५ मिलिग्रॅम ई देऊन पाहिलं. तरुणांमध्ये स्नायूंच्या पेशींतले वाढीचे काही संदेश मंदावले, स्नायूंची वाढ मात्र तेवढीच झाली. वयस्कर पुरुषांमध्ये मात्र स्नायू कमी वाढले. ट्रेनरने हे कुठेतरी ऐकलं असेल आणि त्याचंच 'कटतं' झालं असेल, अशी शक्यता आहे. त्याचा हार्मोनशी संबंध नाही. पेरू, आवळा, लिंबू यांतून मिळणाऱ्या सी ने यातलं काही होत नाही. सलाइनमधून भरमसाट सी घेतलं तर मात्र बोटातून साखर मोजायचं काही घरगुती यंत्र साखर खोटी जास्त दाखवतं. स्पर्धेसाठी इन्सुलिन टोचणारे महाभाग आहेत. ते असा आकडा बघून आणखी इन्सुलिन घेतील तर साखर इतकी उतरेल की जीव जाईल. कोणी रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेत असेल तर स्टेरॉइड तिचा परिणाम वाढवतं, जास्तीचं व्हिटॅमिन ई सुद्धा वाढवू शकतं, आणि व्हिटॅमिन के कमी करतं. तिथे मनाने काहीच सुरू-बंद करू नये.

आणखी एक बाजू आहे आणि ती मला फार अस्वस्थ करते. व्हिटॅमिनच्या डबीतच हार्मोन निघाल्याची उदाहरणं आहेत. जुलै २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने बी-५० नावाच्या एका बी-व्हिटॅमिनच्या गोळीबद्दल लोकांना सावध केलं. तपासणीत त्यात मिथास्टेरोन आणि डायमेथाझिन ही ॲनाबॉलिक स्टेरॉइड सापडली होती. २९ तक्रारी आल्या होत्या: थकवा, स्नायूंत गोळे, लिव्हर आणि थायरॉइडचे बिघडलेले रिपोर्ट. बायकांच्या अंगावर केस आले, पाळी बंद झाली. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन पडलं. लेबलवर फक्त व्हिटॅमिन बी होतं. त्याआधी २००५ मध्ये जर्मनीतल्या कोलोनच्या डोपिंग प्रयोगशाळेला व्हिटॅमिन सी, मल्टिव्हिटॅमिन आणि मॅग्नेशियमच्या गोळ्यांत स्टॅनोझोलॉल आणि मेटॅन्डिएनोन (वरच्या मिथॅन्ड्रोस्टेनोलोनचंच दुसरं नाव) मिळालं होतं. एकाच यंत्रावर आधी स्टेरॉइडच्या आणि नंतर व्हिटॅमिनच्या गोळ्या बनल्या की असं होतं. आपल्या गावाकडे 'वजन वाढवायच्या' नावाने पाकिटातून किंवा कागदाच्या पुडीतून मिळणाऱ्या गोळ्यांत डेक्सामेथासोन सापडतं. ते वेगळ्या जातीचं स्टेरॉइड. त्याने चेहरा गोल होतो, पोट सुटतं, दंड-मांड्या झिजतात आणि हाडं ठिसूळ होतात. तेव्हा तुमची बहीण किंवा आई तुमच्याच डबीतली 'व्हिटॅमिनची गोळी' घेत असेल तर तिला ती घेऊ देऊ नका. व्हिटॅमिन घ्यायचंच असेल तर औषधाच्या दुकानातून, बिल घेऊन, बॅच नंबर असलेलं, साधं आणि स्वस्त घ्या.

आता तुमच्यापुरतं. स्टॅनोझोलॉल आजच बंद करा, त्यात हळूहळू कमी करण्यासारखं काही नाही. टेस्टोस्टेरॉनबद्दल माझं मत विचाराल तर तेही थांबवायला हवं. पण ते थांबवलं की तुमचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन परत यायला काही महिने, कधी वर्षही लागतं. त्या काळात थकवा, चिडचिड, कामेच्छा जाणं, कधी गंभीर नैराश्य येऊ शकतं. म्हणून हार्मोनच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवा, जिममधल्या कोणाच्या 'पोस्ट सायकल'च्या, म्हणजे कोर्सनंतर घ्यायच्या औषधांच्या, चिठ्ठीवर नको. लग्न झालं असेल किंवा ठरलं असेल तर वीर्याची तपासणीही करून घ्या. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन चालू असताना शुक्राणूंची संख्या शून्यावर जाऊ शकते, आणि बऱ्याच जोडप्यांना हे कारण समजायला खूप उशीर होतो. डॉक्टरांपासून काहीही लपवू नका. आमच्या खोलीत सांगितलेलं आम्ही ट्रेनरला, स्पर्धेच्या आयोजकांना किंवा घरच्यांना सांगत नाही.

बायोटिन बंद. लोह असलेलं मल्टिव्हिटॅमिन बंद. डी-३ चालू ठेवायचं की नाही ते पातळी पाहून ठरवू. बी-१२ चंही तसंच. रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान द्या, त्याआधी आठवडाभर जबर व्यायाम टाळा, बायोटिनला निदान तीन दिवस झालेले असू द्या. हिमोग्राम, जीजीटी आणि बिलिरुबिनसह लिव्हरच्या तपासण्या, सीपीके, क्रिएटिनिन, लिपिड, टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, कॅल्शियम आणि डी एवढं करा, सोबत ब्लडप्रेशर आणि ईसीजी. क्रिएटिन घेत असाल तर क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसेल. घाबरू नका, पण डॉक्टरांना सांगा. डॉक्टरांकडे जाताना घरातली प्रत्येक डबी, प्रत्येक रिकामी बाटली पिशवीत घालून घेऊन जा, यादी करून नको. लेबलवरची बारीक अक्षरं आम्हाला वाचायची असतात.

आणि या सगळ्याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा अशा चार गोष्टी: छातीत दुखणं किंवा दम लागणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अंगभर खाज सुटून लघवी गडद होणं, आणि टोचलेल्या जागी लाली पसरून ताप येणं.